गोरिला पाहायला जायचं, पण कुठे?

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



आपण 1975 सालची मंडळी. महाराष्ट्रातली दहावीची पहिली बॅच. त्याच वर्षी जुन्या अकरावीवाल्यांचीही परीक्षा झाली आणि कॉलेजच्या प्रवेशाला आपण आणि आपल्याहून एक वर्षाने मोठी मुलं एकाच रांगेत उभी राहिलो. मोजक्या जागांसाठी ताटकळायची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे. आज ती पुन्हा उपयोगी पडणार आहे, कारण मी ज्या प्रवासाबद्दल बोलणार आहे त्यातही जागा मोजक्याच असतात.

काल रात्री जेवणं झाल्यावर आपल्यातल्या चौदा जणांनी एका कागदावर नावं लिहून दिली. पुढच्या वर्षी मिळून आफ्रिकेत जायचं आणि माउंटन गोरिला पाहायचे. समितीचं म्हणणं पडलं, "तू जाऊन आला आहेस, तर कुठे जायचं ते तूच सांग." मी 2016 साली रवांडात गेलो होतो आणि 2023 साली युगांडात. तिसरा देश काँगो. तिथे मी गेलेलो नाही, तिथलं जे सांगेन ते वाचून आणि विचारून मिळवलेलं. मी प्राणिशास्त्रज्ञ नाही. आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. हा अर्जही तसाच तपासतो: मिळणार काय, लागणार किती आणि जोखीम कोणती.

आधी मिळणार काय ते पाहू.

प्राणिसंग्रहालयात आपण जे गोरिला पाहतो ते पश्चिम आफ्रिकेच्या सखल जंगलातले. माउंटन गोरिला कुठल्याही देशाच्या प्राणिसंग्रहालयात पाहायला मिळत नाही. तो पाहायचा तर त्याच्या घरीच जावं लागतं, आणि त्याची घरं जगात दोनच आहेत. पहिलं घर म्हणजे विरुंगाची ज्वालामुखींची रांग. ही रांग रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमेवर आहे. दुसरं घर युगांडातलं ब्विंडीचं जुनं, घनदाट अरण्य. दोन्हींमधलं अंतर काही फार नाही, पण मधे इंच इंच जमिनीवर शेती आणि वस्ती आहे. त्यामुळे इकडचा गोरिला तिकडे जात नाही. ताज्या मोजण्यांनुसार विरुंगात 604 आणि ब्विंडीत 459, म्हणजे एकूण 1,063. आपल्या शाळेत सकाळ-दुपार मिळून याहून जास्त मुलं होती.

हा आकडा लहान वाटतो, पण 1980च्या सुमारास विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. माणसाच्या जवळच्या नात्यातल्या वानरांत ज्याची संख्या वाढते आहे असं एवढंच उदाहरण आज सांगता येतं. 2018 साली 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून त्याला 'संकटग्रस्त' या वर्गात आणलं गेलं. आपल्याकडे रुग्णाला आयसीयूतून वॉर्डात हलवतात, तसं.

आता नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. देश कुठलाही निवडा, प्रत्यक्ष गोरिलांसमोर मिळतो तो एक तास. एका कुटुंबाकडे दिवसातून एकदाच माणसं नेतात आणि तीही जास्तीत जास्त आठ. वय पंधराच्या वर असावं लागतं, म्हणजे नातवंडांना नेता येणार नाही. सकाळी सात-साडेसातला उद्यानाच्या कचेरीत जमायचं. वाटाडे त्याआधीच, पहाटे जंगलात शिरलेले असतात. आदल्या दिवशी गोरिला जिथे होते तिथे जाऊन ते माग काढतात आणि वायरलेसवर कळवतात. मग आपण निघायचं. गोरिला अर्ध्या तासावर असतील किंवा पाच तासांवर, ते त्यांच्या मर्जीवर. गाठ पडली की घड्याळ सुरू होतं आणि तासाभराने वाटाडा सांगतो, "चला." तिथे वशिला चालत नाही.

तो तास मी दोन्ही देशांत अनुभवला आणि कुठला मोठा हे मला ठरवता येत नाही. मोठ्या नराला सिल्व्हरबॅक म्हणतात. साधारण बाराव्या वर्षापासून त्याची पाठ रुपेरी व्हायला लागते. आपल्याला जरा जास्त वेळ लागला. दीड-दोनशे किलो वजनाचा तो प्राणी बसलेला असतो आणि रानसेलरीचे देठ सोलून खात असतो, इतक्या निवांतपणे की आपल्याकडे दुपारी ओसरीवर शेंगा सोलत बसलेली आजी आठवावी. वाटाडे अधूनमधून घसा खाकरल्यासारखा खोल आवाज काढतात. त्या आवाजाचा अर्थ, आम्ही आहोत, काळजी नसावी. तोही तसंच उत्तर देतो. पिल्लं आपल्याकडे बघत बघत जवळ येतात आणि आपणच मागे सरकायचं असतं. पूर्वी सात मीटरचं अंतर होतं, कोविडनंतर दहा मीटर झालं आणि तोंडाला मास्क आला.

म्हणजे मिळणारी वस्तू तीच आहे. फरक आहे तो वाटेत, खर्चात आणि आपला पैसा जातो कुठे यात. त्या हिशेबाने एकेक देश घेऊ.

पहिला रवांडा. इथल्या उद्यानाचं नाव व्होल्कॅनोज नॅशनल पार्क. बेल्जियमच्या राजवटीत 1925 साली आफ्रिकेतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं, त्याचाच हा भाग. किगाली विमानतळावर उतरलं की चांगल्या डांबरी रस्त्याने अडीच तासांत मुसान्झे गाव येतं आणि तिथून उद्यानाची किनिगी इथली कचेरी जवळच. आज उतरलात तर उद्या सकाळी गोरिलांकडे जाता येतं. देश इतका स्वच्छ की प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे 2008 पासून बंदी आहे. सामान भरताना घरातल्या कॅरीबॅगा घरीच ठेवा.

चालण्याच्या दृष्टीनेही रवांडा आपल्या वयाला बरा. सुरुवात बटाट्याच्या शेतांतून होते. मग दगडी बांध ओलांडायचा. रानगव्यांनी शेतात उतरू नये म्हणून हा बांध उद्यानाच्या कडेने घातला आहे. पुढे बांबूचं बन लागतं. उंची मात्र विसरू नका, तुम्ही अडीच हजार मीटरच्या आसपास सुरुवात करता. महाबळेश्वर चौदाशेच्या आत-बाहेर आहे. पण रवांडात एक मोठी सोय आहे. कुठलं कुटुंब कुणाच्या वाट्याला, ते त्याच दिवशी सकाळी कचेरीत ठरवतात आणि ठरवताना माणसांचं वय, चाल, तब्येत बघतात. ज्याचे गुडघे दुखतात त्याला जवळचं कुटुंब द्यायचा प्रयत्न करतात. हमी नसते, कारण रात्रीतून गोरिला वर चढून गेले तर कोण काय करणार? पण प्रयत्न करतात. मी गेलो तेव्हा आम्ही दीड तास चाललो.

फॉसीबाईंचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. डायन फॉसी. 1967 साली त्यांनी करिसिंबी आणि बिसोके या दोन ज्वालामुखींच्या मधे तंबू ठोकला आणि दोन्ही नावं जोडून त्या जागेला करिसोके हे नाव दिलं. त्याच सुमारास या उद्यानाचा मोठा तुकडा पायरेथ्रमच्या लागवडीसाठी काढून घेतला गेला. डास मारायच्या औषधात ही फुलं वापरतात. जंगल आक्रसलं आणि शिकारी आत शिरले. फॉसीबाईंचा लाडका डिजिट नावाचा गोरिला 1977च्या शेवटच्या दिवशी मारला गेला आणि 1985च्या डिसेंबरात खुद्द बाईंची त्यांच्या खोलीत हत्या झाली. त्यांना डिजिटच्या शेजारीच पुरलं आहे. चालायची तयारी असलेल्यांना तिथवर जाता येतं.

आता खर्च. मी गेलो तेव्हा रवांडाचं परमिट 750 डॉलरचं होतं. 2017च्या मे महिन्यात ते एकदम दुप्पट झालं, 1,500 डॉलर. डॉलर 87 रुपये धरला तर 1 लाख 30 हजार, एका माणसाचे, एका तासाचे. विमान, हॉटेल, गाडी वेगळी. ताडोब्यात जिप्सीच्या भाड्यावरून घासाघीस करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा पचायला वेळ लागतो.

दुसरा युगांडा. इथे दोन ठिकाणं आहेत. म्गाहिंगा हे जेमतेम 34 चौरस किलोमीटरचं उद्यान विरुंगाच्या रांगेतच येतं. गोरिलांबरोबर तिथे सोनेरी माकडंही आहेत. पण लोकांना सरावलेलं गोरिलांचं कुटुंब तिथे एकच आहे. आपल्यासारख्या मोठ्या गटाला ते पुरणारं नाही. खरं ठिकाण ब्विंडी. युनेस्कोने 1994 साली त्याला जागतिक वारशात घेतलं. त्याच्या इंग्रजी नावातच 'आत शिरता न येणारं' असा शब्द आहे, आणि तो शोभेसाठी लावलेला नाही. तिथे शेतातली पायवाट नाही. वाटाडा कोयत्याने वेली तोडत पुढे जातो आणि आपण त्याच्या मागे. उतार असे की खाली माती दिसत नाही, पालापाचोळ्याच्या गादीवरून चालतोय असं वाटतं. अंगाला लागली की आग होणारी झुडपं आहेत, म्हणून हातमोजे घालायचे आणि पँट मोज्यात खोचायची. आम्ही वाटेत साडेतीन तास होतो. माझी पत्नी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. काठी आणि हमाल यांच्या जोरावर ती व्यवस्थित गेली आणि आली, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दोघांनीही कठडा धरला.

ब्विंडीचे चार भाग आहेत: उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि न्कुरिंगो. परमिट काढतानाच भाग आणि कुटुंब ठरतं, त्यामुळे नीट विचारूनच घ्यायचं. बुहोमाची चाल सर्वसाधारणपणे सोपी समजतात, न्कुरिंगोची अवघड, कारण आधी दरीत उतरायचं आणि परत तेवढंच चढायचं. रुशागात कुटुंबांची संख्या सगळ्यात जास्त आहे, म्हणजे मोठ्या गटाला एकाच दिवशी दोन कुटुंबांची परमिटं मिळणं तिथे सोपं. परमिट परदेशी माणसाला 800 डॉलर, 2024च्या जुलैपासून. रवांडाच्या निम्म्याच्या जरा वर. शिवाय ज्यांना एक तास पुरत नाही त्यांच्यासाठी युगांडात आणखी एक सोय आहे. माणसांना अजून सरावत असलेल्या कुटुंबाबरोबर, अभ्यासकांच्या सोबतीने, चार तास राहता येतं. त्याला 1,800 डॉलर लागतात आणि गट चार जणांचाच असतो.

युगांडाची अडचण रस्त्याची. एंटेबे विमानतळावरून ब्विंडीला गाडीने आठ ते दहा तास लागतात. मुंबईहून एंटेबेला युगांडा एअरलाइन्सने 2023च्या ऑक्टोबरात थेट विमान सुरू केलं खरं, पण पुढचा तो दिवसभराचा प्रवास चुकत नाही. यावर उपाय सोपा आहे. किगालीला उतरायचं आणि गाडीने सीमा ओलांडून युगांडात जायचं. किगालीहून रुशागा चार-पाच तासांवर आहे. मधे तीन वर्षं दोन्ही देशांत बिनसलं होतं आणि मुख्य नाका बंद होता, तो 2022 साली उघडला. व्हिसाचीही सोय आहे: केनिया, युगांडा, रवांडा मिळून पूर्व आफ्रिकेचा एकच पर्यटक व्हिसा 100 डॉलरमध्ये मिळतो.

खाण्याची काळजी करणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. युगांडात चपाती सर्रास मिळते, आपल्याकडून गेलेल्या लोकांनी ती नेली. चपातीत ऑम्लेट गुंडाळून रस्त्यावर विकतात त्याला ते 'रोलेक्स' म्हणतात, आणि शिजवलेल्या हिरव्या केळ्यांवर शेंगदाण्याचं जे कालवण घालतात ते पाहून आपल्या उपासाच्या आमटीची आठवण होते.

तिसरा काँगो. विरुंगा राष्ट्रीय उद्यान आकाराने या सगळ्यांत प्रचंड, 7,800 चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथलं परमिट सगळ्यात स्वस्त होतं, 400 डॉलर. पण त्या प्रदेशात तीस वर्षं शस्त्रं थंड झालेली नाहीत. उद्यानाच्या दोनशेहून जास्त रक्षकांनी आतापर्यंत जीव गमावला आहे. 2020च्या एप्रिलमध्ये एकाच हल्ल्यात बारा रक्षक गेले. 2025च्या जानेवारीत गोमा शहरच बंडखोरांच्या हाती पडलं. "स्वस्तात होतंय तर" असं काल कुणीतरी म्हणालं. बँकेत असतो तर या अर्जावर एकाच ओळीत शेरा मारला असता. तिथल्या रक्षकांबद्दल मनात आदर ठेवू या आणि तूर्त काँगो बाजूला ठेवू या.

आता काल एका मैत्रिणीने विचारलेला प्रश्न. ती म्हणाली, "अरे, एवढे थोडे उरलेत, तर आपण जावंच कशाला? त्यांना सुखाने राहू द्या ना." प्रश्न योग्य आहे. फॉसीबाईंचा स्वतःचाही पर्यटनाला विरोध होता. आणि धोका खरा आहे. गोरिलाचं आणि आपलं शरीर इतकं जवळचं की आपली सर्दी त्याला होते, आणि आपल्याला चार दिवसांत बरी होणारी सर्दी त्याचा जीव घेते. 2009 साली रवांडातल्या एका कुटुंबात माणसांकडून आलेल्या श्वसनाच्या विषाणूची साथ पसरली आणि दोन गोरिला दगावले. ब्विंडीत 1996 साली खरजेची साथ आली, त्यात एक पिल्लू गेलं. ती साथ हाताळणाऱ्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे उद्यानाभोवतीच्या गावांतल्या माणसांच्या आरोग्याचं काम हाती घेतलं, कारण माणसं निरोगी असतील तरच गोरिला निरोगी राहतील हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग जायचं कशाला? याचं उत्तर मला आकड्यांत मिळालं. या दोन्ही देशांत जमिनीला भयंकर मागणी आहे. उद्यानाच्या हद्दीला लागून शेवटच्या वितीपर्यंत शेती आहे. जंगल उभं राहायचं तर त्याने आजूबाजूच्या माणसांना काहीतरी दिलं पाहिजे. रवांडात 1979च्या सुमारास हाच विचार करून थोड्या थोड्या पाहुण्यांना गोरिलांकडे न्यायला सुरुवात झाली. 1994च्या नरसंहारात तिथे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यातून उठलेल्या देशाने हे काम पुन्हा उभं केलं. आज तिथे उद्यानांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा भोवतालच्या गावांना जातो, शाळा आणि दवाखान्यांसाठी. युगांडात प्रवेश शुल्काचा वीस टक्के भाग आणि गोरिलांच्या प्रत्येक परमिटमागे दहा डॉलर गावांना मिळतात. कोविडमध्ये पाहुणे थांबले होते, त्याच काळात, 2020च्या जूनमध्ये, ब्विंडीत राफिकी नावाचा सिल्व्हरबॅक मारला गेला. मारणाऱ्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली.

पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ताळेबंद अर्धा राहील. ब्विंडी आणि म्गाहिंगा 1991 साली राष्ट्रीय उद्यानं झाली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहणारे बाट्वा लोक बाहेर काढले गेले. जंगलच त्यांचं घर, दुकान आणि देऊळ होतं. त्यांना त्याचा पुरेसा मोबदला मिळाला नाही आणि तो लढा ते अजून लढत आहेत. आज त्यांच्यातली काही मंडळी पाहुण्यांना जंगलाच्या कडेने फिरवून आपलं जुनं जगणं दाखवतात. आपण गेलो तर त्यांच्याकडे अर्धा दिवस नक्की द्यायचा, आणि पैसे थेट त्यांच्याच हातात पडतील अशी व्यवस्था आधी विचारून करायची.

तसाच हमालाचा विषय. "माझी पिशवी मी उचलीन" हा मर्दपणा तिथे नको. वीस डॉलरच्या आसपास देऊन प्रत्येकाने हमाल करायचा, पिशवीत पाण्याची एक बाटली असली तरी. तो त्या गावचा असतो, पाळी लावून त्याला काम मिळतं, आणि घसरड्या उतारावर हात द्यायला तोच असतो. अगदीच चालवत नसेल तर आणखी एक सोय आहे: डोलीत बसवून आठ-दहा माणसं आळीपाळीने उचलून नेतात. गंमतीने त्याला ते 'हेलिकॉप्टर' म्हणतात. त्याला काही शे डॉलर पडतात, पण आपल्या वयाची माणसं त्यात बसून गोरिला पाहून आलेली मी पाहिली आहेत. वैष्णोदेवीला डोलीत बसताना आपल्याला लाज वाटत नाही, मग इथे का वाटावी?

तब्येतीचा भाग आपल्या वर्गातल्या डॉक्टरसाहेबांकडून तपासून घेतला आहे. युगांडात शिरायला पीतज्वराची लस लागते आणि परत भारतात येतानाही तिचा दाखला दाखवावा लागतो, नाहीतर इथे विलगीकरणात ठेवतात. लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची. पण साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो. म्हणून आपण सगळ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं आणि मगच विमानाचं तिकीट काढायचं. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या. ऋतू म्हणाल तर जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा तिथे पाऊस कमी. आणि निघण्याआधी तिथे इबोलासारखी साथ नाही ना, ते सरकारी सूचनांत पाहायचं.

एक नियम मात्र आपला आपणच करायचा आहे. त्या सकाळी ज्याला ताप, खोकला, सर्दी असेल त्याने स्वतःहून मागे राहायचं. कचेरीत विचारतात, पण गोळी घेऊन नाक बंद ठेवणाऱ्याला कोण ओळखणार? परमिटचे पैसे बुडाले तरी चालतील. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी कागदावरचं नाव आजच खोडावं, मला राग येणार नाही.

आता माझी शिफारस. चौदा नावं आहेत. त्यातल्या चौघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे की गुडघ्यांचा किंवा हृदयाचा प्रश्न आहे, ब्विंडीची चढ-उतार जमणार नाही आणि रवांडा परवडणार नाही, तेव्हा तुम्ही दहा जण जाऊन या. हे मला पटत नाही. नकाशा पाहा. मुसान्झेपासून सियानिकाचा नाका गाडीने तासाभराच्या आत आहे आणि नाका ओलांडला की युगांडातलं किसोरो. तेव्हा सगळ्यांनी मिळून किगालीला उतरायचं. पहिला दिवस तिथेच काढायचा आणि नरसंहाराचं स्मारक पाहायचं. त्या देशाने काय सोसलं हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग मुसान्झे. तिथून दहा जण रुशागाला, पाच-पाचच्या दोन गटांत, आणि चौघे किनिगीला, जवळचं कुटुंब मागून. दोन दिवसांनी सगळे पुन्हा एकत्र.

पैशांचं गणित मी काल रात्रीच केलं. दहा परमिटं 800ची, म्हणजे 8,000. चार परमिटं 1,500ची, म्हणजे 6,000. एकूण 14,000 डॉलर आणि आपण चौदा जण. प्रत्येकी बरोबर 1,000. म्हणजे दहा जणांनी आपल्या परमिटावर 200 डॉलर, सतराएक हजार रुपये, जास्त द्यायचे. शाळेच्या सहलीला ज्याची वर्गणी कमी पडायची त्याची बाकीचे मिळून भरत होतो आणि कुणी कुणाची भरली हे बाईंनी कधी वहीत लिहिलं नाही. तेव्हाचे ते आठ आणे होते, एवढाच फरक.

परमिटं बरीच आधी काढावी लागतात. रवांडात दिवसाला शंभराच्या आतच माणसं सोडतात आणि चांगल्या महिन्यांतली परमिटं लवकर संपतात. कागद दुपारच्या चहापर्यंत मागच्या टेबलावर ठेवला आहे. तपासणी, लस आणि घरच्यांची परवानगी, यांसाठी एक महिना. तोपर्यंत ज्यांना होकार द्यायचा त्यांनी द्यावा. नाव वाढलं तर गणित पुन्हा करीन, ते काम माझं.